माल कुणाचा?

विद्यापीठाची समिती येणार म्हणून कॉलेजच्या संडासाला कडी बसली, आणि त्याच दिवशी सुवर्णा विधातेला सांगण्यात आलं की गुरुवारी तुम्ही येऊ नका.

सांगणारे प्राचार्य धनराज ताजणे. आवाज असा की कानात मध ओतावा.

"मॅडम, फार धावपळ झाली तुमची. गुरुवारी घरी थांबा. सणाचे दिवस, घरी फुलांची घाई असेल."

"सर, समिती ऑनर्सचा वर्ग बघायला येतेय. तो वर्ग मी चालवते."

"चालवता ना! कोण नाही म्हणतंय? फक्त कागदावर तुम्ही नाही."

खोटं नव्हतं ते. नाशिक रोडच्या त्या कॉलेजात भूगोलाचा चार वर्षांचा ऑनर्स सुरू झाला तेव्हा गेटवर केवढा तरी फ्लेक्स लागला. त्यावर संस्थेच्या झाडून सगळ्या साहेबांचे फोटो होते, पृथ्वीचा गोळा तेवढा कुठे दिसत नव्हता. आणि मुलांना नासर्डी नदीच्या काठाने हिंडवणारी, पुराचं पाणी कुठवर चढलं होतं ते भिंतीवरच्या डागांवरून वाचायला शिकवणारी बाई होती तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असतील तोवर नोकरी. उन्हाळा लागला की घरी, आणि जूनमध्ये पुन्हा नव्या नवरीसारखी मुलाखत. याला 'तत्त्व' कुणी म्हटलं देव जाणे. आपल्याकडे माणसाला पिळायचं असलं की आधी त्याचं तत्त्व करतात.

शेवटच्या वर्षाला संशोधन असतं आणि त्याला विद्यापीठाची मान्यता असलेला मार्गदर्शक लागतो. अशी मान्यता विभागात एकट्या शेखर लवटे सरांना होती. कायम नोकरी, विभागप्रमुख, पीएच.डी. आणि दुखरा गुडघा. तेव्हा प्राचार्यांनी ठरवलं होतं की वर्गातल्या सातही मुलांचं सगळं काम लवटे सरांनीच करून घेतलं असं सांगायचं. सुवर्णाचं नाव कुठेच नको. कारण भूगोलाची कायमची जागा भरायची होती आणि संस्थेच्या सरचिटणिसांची सून नुकतीच भूगोलात एम.ए. झाली होती. सुवर्णाचं नाव समितीच्या अहवालात गेलं असतं तर त्या जागेवर तिचा हक्क दिसला असता.

"सहमार्गदर्शक म्हणून माझं नाव लावा," सुवर्णा म्हणाली. "नियमात बसतं ते."

ताजण्यांचा मध आटला. "मॅडम, समितीला वाटलं की इथं तासिकावालीच ऑनर्स चालवते, तर वर्ग बंद करतील. तीन वर्षांत पदवी घेऊन मुलं सुटली असती, तुमच्या शब्दावर थांबली. त्यांचं वर्ष गेलं तर कोणाच्या डोक्यावर?"

हा टोला बरोबर बसला. मुलं तिच्याच शब्दावर थांबली होती.

स्टाफरूममध्ये लवटे सर चहात बिस्कीट बुडवत होते. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडता येतं. असल्या माणसाचं काय करावं कळत नाही.

"सुवर्णाताई, कशाला ताणता? आज नाही तर उद्या लागेल नाव."

"सर, नासर्डीच्या काठावर एकदा तरी पाय ठेवलात का?"

"अहो, हा गुडघा..."

"गुडघा तुमचाच आहे सर, त्याला माझी हरकत नाही. काम मात्र तुमचं नाही."

बिस्कीट तुटून चहात पडलं. सर ते चमच्याने शोधत बसले.

सुवर्णा वर्गात गेली. नांदगावहून आलेली सृष्टी पगार उठून उभी राहिली. ही पोरगी गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

"मॅडम, प्राचार्य सरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावून पाठ करून घेतलं. 'आमचं सगळं काम लवटे सरांनी करून घेतलं.' दोनदा म्हणायला लावलं, बालवाडीसारखं."

"मग?"

"पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलं ना? दुसऱ्याचं वाक्य घेतलं तं खाली त्याचं नाव टाकायचं, नाय टाकलं तं चोरी. मंग हे काय हाय?"

"नकाशे पूर्ण करा," एवढंच म्हणून सुवर्णा फळ्याकडे वळली, आणि आपण मुलांकडे पाठ केली याची तिला मनापासून चीड आली.

संध्याकाळी मखमलाबादला घरी झेंडूचा ढीग पडला होता. सासूबाई, कलाबाई, खुडलेली फुलं क्रेटमध्ये भरत होत्या. सुवर्णा शेजारी बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

कलाबाईंचा हात थांबला नाही. "लिलावात अडत्या काय वरडतो?"

"माल कुणाचा."

"मंग? तितं आपण गप उभं राह्यलं तं शेजारचा म्हनतो माझा. अन् त्याच्या नावानं इकला जातो. माल कोनाचा हाय त्ये तोंडानं सांगायचं आसतं बाई. फुलं काय बोलत्यात व्हय?"

"पण वर्ग बंद पडला तर? मुलांचं काय?"

"आन् त्यांच्या तोंडून खोटं वदवलं तर? त्याचं काय?"

सुवर्णा क्रेट भरत राहिली. शेवटचं क्रेट भरून झालं तेव्हा तिचं ठरलं होतं.

गुरुवारी ती कॉलेजात आली. गेटवर ताजण्यांनी तिला पाहिलं आणि हातातला गुच्छ त्यांनी असा धरला की जणू तिलाच मारणार. पण समितीची गाडी आत शिरत होती. तोंड हसरं ठेवणं भाग होतं.

समितीच्या अध्यक्षा पांढऱ्या केसांच्या, ठेंगण्या बाई होत्या. वर्गात आल्यावर गुच्छ त्यांनी न बघताच बाकावर ठेवला आणि भिंतीवरच्या नकाशांपाशी गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"हा नकाशा कोणाचा?"

"माझा," सृष्टी उठली.

"चांगला आहे. हे काम कोणी करून घेतलं?"

सृष्टीने तोंड उघडलं. मागे ताजणे डोळे वटारून उभे.

"तिला विचारू नका," दारातून सुवर्णा म्हणाली. "मला विचारा."

"आपण?"

"सुवर्णा विधाते. तासिका तत्त्वावर."

"मदतनीस आहेत मॅडम आमच्या," ताजणे घाईने पुढे आले. "प्रयोगशाळेत वगैरे..."

"मदतनीस नाही. या मुलांना तीन वर्षं मी शिकवलं आणि सगळ्यांचं संशोधन मी करून घेतलं. मान्यता लवटे सरांना आहे, म्हणून मार्गदर्शक ते. काम माझं आहे, म्हणून सहमार्गदर्शक मी. एवढंच लिहायचं आहे. यात वर्ग बंद करण्यासारखं काही असेल तर आत्ताच सांगा, मुलांच्या देखत. त्यांना थांबवलं मी, तेव्हा उत्तरही मीच देईन. पण त्यांनी खोटं बोलायचं नाही."

अध्यक्षाबाई पुढच्या बाकावर बसलेल्या लवटे सरांकडे वळल्या.

"सर, खरं का हे?"

लवटे सरांनी प्राचार्यांकडे पाहिलं. मग सृष्टीकडे. ती अजून उभीच होती. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि सावकाश उठले.

"खरं आहे," ते म्हणाले. "मी एकदाही गेलेलो नाही नासर्डीच्या काठावर."

"मग जात जा," बाई कोरडेपणाने म्हणाल्या. "मार्गदर्शक म्हणून सही करायची तर वाट तरी माहीत हवी. सही नुसतीच झाली तर मी शेरा मारीन. वर्ग चालू राहील. अहवालात दोघांची नावं जातील. ताजणे सर, कायमची जागा रिकामी आहे ना? तेही लिहिते मी."

त्यांनी तिथेच बाकावर बसून लिहिलं. ताजणे शेजारी उभे राहून मान डोलवत होते. दुसरं काही हातात नव्हतं.

समितीची गाडी गेटबाहेर पडली आणि ताजणे जिन्यात आडवे आले.

"फार शहाण्या झालात. जूनमध्ये मुलाखतीला येताय ना? बघतो."

"बघा. जाहिरात निघाली की कायमच्या जागेलाही अर्ज करणार आहे. तेव्हा दोनदा बघावं लागेल," ती म्हणाली आणि तास घ्यायला वर गेली.

वर लवटे सर वर्गाबाहेर उभे होते. "नासर्डीला किती चालावं लागतं हो?"

"गुडघ्याला विचारून या सर. शनिवारी सकाळी निघतोय आम्ही."

घरी पोचली तेव्हा कलाबाई रिकामी क्रेट धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला.

"काय झालं गं?"

"नाव पुकारलं लिलावात," सुवर्णा म्हणाली. "भाव अजून फुटला नाही."

"फुटंल," कलाबाई म्हणाल्या. "पर जाग्यावरनं हालायचं नाय."

"नाही हलत," सुवर्णा म्हणाली, आणि दुसरं क्रेट तिने नळाखाली ओढलं.