मान जरा डावीकडे

माझ्या डाव्या गालावर बोटभर लांब काळसर डाग आहे. तो माझ्याच हट्टामुळे आला, असं आईबाबा सांगत आले. म्हणे, पहिलीत असताना भर उन्हात हुंदडले, ताप चढला आणि उतरताना ही खूण ठेवून गेला. पुरावाही होता. बाबांच्या फोटो स्टुडिओच्या दर्शनी काचेत चार वर्षांची मी टांगलेली आहे, गाल अगदी नितळ. आरशातलं बालपण कुणाला आठवतं? आठवतात ते फोटो.

नवोदित फोटोग्राफरांच्या प्रदर्शनात माझी निवड झाली. विषय होता ‘मी’. सुरुवात काचेतल्या फोटोने करायची म्हणून मी त्याची निगेटिव्ह शोधून काढली. उजेडात तिरकी धरली, तर गालावर पेन्सिलीच्या शिशाची चकाकी! बाबा रिटचिंगमध्ये पटाईत. निगेटिव्हवर पेन्सिलीचे बारीक ठिपके देऊन त्यांनी कितीतरी नवरदेवांचे मुरूम घालवलेत. मी टर्पेंटाइनचा बोळा फिरवून शिसं पुसलं आणि प्रिंट काढली. ट्रेमध्ये केसांच्या मागोमाग डागच उमटला. हाच, याच जागी.

म्हणजे पहिलीच्या आधीपासूनचा. आणि मी इतकी वर्षं एका दुपारची शिक्षा भोगत होते! संतापाने ओली प्रिंट तशीच घेऊन मी बाबांच्या टेबलापाशी गेले.

“हे काय आहे, बाबा?”

बाबांनी चष्मा वर सरकवला. “अगं, जन्मखूण आहे ती. लोक नाही नाही ते विचारायचे. तुझी आई रडायची. मग तूही विचारायला लागलीस, तेव्हा काहीतरी सांगून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ नव्हती ती. माझा गाल होता!”

“प्रदर्शनात नको लावूस. लोक विश्वासाने येतात माझ्याकडे. पोटच्या पोरीनेच मला खोटं पाडायचं?”

“लावणार. शेजारी आजचा फोटो लावणार आणि तो तुम्ही काढायचा.”

ते नको नको म्हणत राहिले. मी स्टुलावर जाऊन बसले आणि दिवा डाव्या गालाकडे वळवला. अखेर बाबा कॅमेऱ्यामागे आले, डोळा लावला आणि सवयीने म्हणाले, “मान जरा डावीकडे.”

शाळेच्या ओळखपत्रापासून मावशीच्या लग्नापर्यंत हेच ऐकत आले होते. मला वाटायचं, माझी उजवी बाजू छान दिसते.

“नाही वळवणार.”

“थोडीशी, बाळा.”

“जन्मले तेव्हा म्हणाला होतात का, मान डावीकडे कर म्हणून?”

बाबांचा चेहरा एवढासा झाला. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण मी मान तसूभरही हलवली नाही.

मग ते उजेड मोजायचा लाईटमीटर घेऊन पुढे आले. आजवर तो त्यांनी माझ्या उजव्या गालाशीच धरला होता. क्षणभर थांबले आणि मीटर डाव्या गालाला टेकेल इतका जवळ आणून त्यांनी काटा वाचला.

“हलू नकोस,” ते म्हणाले.