घरचे भरवतात

एलोडीनं पेल्यातल्या पाण्यात पुडी रिकामी केली आणि पाणी मधासारखं दाट होईपर्यंत ती चमच्यानं ढवळत राहिली. पातळ पाणी ननॅनच्या फुप्फुसात जायचं, त्यामुळे तिला पाणीसुद्धा असं भरवावं लागे. ननॅन पेल्याकडे बघत होती. ती नजर एलोडीच्या ओळखीची होती. तिची दोन वर्षांची लेक कोलेट दुपारच्या झोपेतून भुकेजून उठली की अशीच बघायची.

"काल काय जेवलीस तू?" तिनं विचारलं.

ननॅननं नुसतं तोंड उघडलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून गेले आठ महिने तिच्याकडे शब्द नव्हते.

एरवी एका ताटाला पाऊण तास जाई. वाटलेली कोंबडी, वाटलेला वाटाणा, वाटलेला पाव. प्रत्येक घासानंतर थांबायचं, गिळलं की नाही ते गळ्याकडे बघून ठरवायचं, मग पुढचा. आज ननॅन थांबू देत नव्हती. चमचा ताटाकडे वळला की तिचा चांगला हात त्याच्या मागे यायचा. पंधरा मिनिटांत ताट रिकामं झालं. एलोडीनं तिच्या हनुवटीवरचा वाटाणा पुसला.

काल, गुरुवारी, ती आली नव्हती. कोलेटला सकाळपासून ताप होता. नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला. त्याच्या पाळीचे चौदा दिवस भरायला अजून आठवडा होता. एक दुपार गेली तर काय होतं, असं मनाशी म्हणून ती घरीच राहिली होती.

ननॅन म्हणजे तिची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिला कवेत घेऊन उभी राहिलेली, आणि आई गेल्यावर सातव्या वर्षापासून तिला वाढवणारी. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले होते, वजन पंचाण्णव पौंडांच्या खाली गेलं तर पोटात नळी घालावी लागेल. सोमवारी काटा सत्त्याण्णववर होता.

होमच्या, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहाच्या, जेवणघरात दुसऱ्या टोकाला व्हर्लीन दोन खुर्च्यांच्या मध्ये बसून एक घास डावीकडे, एक घास उजवीकडे असं भरवत होती. पन्नाशी उलटलेली, रुंद खांद्यांची बाई. या दालनातली चौदा माणसं तिच्याकडे. एलोडी तिच्यापाशी जाऊन उभी राहिली.

"काल ननॅनला कुणी भरवलं?"

व्हर्लीननं हातातला घास आधी पोचवला. मग उठून तिनं भांड्यांच्या कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. नावं, आणि प्रत्येक नावापुढे कसं जेवतात ते. 'स्वतः.' 'चिरून द्यावं.' 'भरवावं.' ओडील सोनिए या ननॅनच्या नावापुढे लिहिलं होतं : 'घरचे भरवतात.'

"ताट समोर ठेवलं गेलं, ताट उचललं गेलं," व्हर्लीन हळू आवाजात म्हणाली. "घरचे भरवतात म्हटल्यावर मी तिकडे बघतच नाही बाळा. तेवढीच टेबलं मला बघावी लागत नाहीत. दोन वाजता कपडे बदलायला गेले तर मिस ओडीलनं माझ्या बाहीचा कोपरा तोंडात धरला. मग पुडिंग आणून भरवलं."

एलोडी कागदाकडे बघत राहिली. अशी सहा नावं होती.

"हे कुणी लिहिलं?"

"लिहायला कशाला लागतंय कुणी? माणूस रोज यायला लागलं की कागद आपोआप बदलतो." तिनं दार लावलं. "वर जाऊन भांडायचं तर भांड. माझं नाव घेऊ नकोस. तक्रार मालकाची केली तरी कागदावर नाव माझंच चढतं."

व्यवस्थापक मिस्टर आर्सेनो यांच्या खोलीत कॉफीचा वास होता. त्यांनी एलोडीला, इकडे लग्न झालेल्या बाईलाही म्हणतात तसं 'मिस' म्हणत, खुर्ची दिली, कोलेटच्या तापाची चौकशी केली आणि डॉक्टरांचं नावही सुचवलं.

"कालची गोष्ट व्हायला नको होती," ते म्हणाले. "मी बोलतो बायकांशी."

"बायकांशी नको. बायका वाढवा."

"आमचे तास नियमात बसतात, मिस एलोडी. दाराजवळचा फळा बघितला असेल तुम्ही. आज पाच जणी आहेत."

"एक डायलिसिसच्या गाडीबरोबर गेलीय. एक धुण्याच्या खोलीत आहे. एक बाहेर तुमचा फोन घेतेय."

"पण कामावर पाचही आहेत."

"फळा ननॅनला भरवत नाही."

मिस्टर आर्सेनो हसले. रागावणं त्यांना जमत नसावं. एलोडीला त्याचाच जास्त राग आला. कोलेटच्या पाळणाघरात एका बाईमागे किती मुलं हे भिंतीवर लिहिलेलं असे, आणि एक मूल जास्त झालं तर आईला दारातून परत पाठवत. हे ती इथं बोलून दाखवणार होती. पण तेवढ्यात ते म्हणाले, "खरं सांगू? तुमच्यासारखी घरं हीच आमची ताकद आहे. आपल्या भागातली माणसं म्हाताऱ्यांना टाकून जात नाहीत. दुपारी जेवणघर कसं भरलेलं असतं बघा."

"ऑगस्टपासून मी शाळेत शिकवणार आहे. दुपारी मला येता येणार नाही."

"तेव्हाचं तेव्हा बघू. घरात आणखी कुणी असेलच ना?"

घरात कोण होतं? तिनं पर्सचा पट्टा दोनदा बोटाभोवती गुंडाळला, सोडवला आणि उठली.

मंगळवारी सकाळी नऊला फोन वाजला. होमच्या स्वागतकक्षातली मुलगी होती, आवाज भलताच गोड.

"मिस एलोडी, आज दुपारी येताय ना? आज घरच्यांसाठी खास जेवण ठेवलंय. जांबलाया भात आहे."

"ननॅन वाटलेलं खाते."

"तुमच्यासाठी हो. नक्की या. अकरापर्यंत आलात तर उत्तमच."

एलोडीनं कोलेटला पाळणाघरात सोडलं आणि पावणेअकरालाच पोचली. आवारात सरकारी पाटीची पांढरी गाडी उभी होती. ती क्षणभर गाडीकडे बघत राहिली. वर्षातून एकदा, न सांगता, राज्याचे तपासनीस येतात हे तिला ठाऊक होतं. फळ्यावर आज आठ नावं होती.

जेवणघरात चैतन्य होतं. टेबलांवर कापडी रुमाल होते. सहाच्या सहा घरची माणसं आली होती. शिवाय एरवी फक्त रविवारी दिसणाऱ्या दोन मुली आणि एक जावईही होता. मिस्टर क्लेव्ह आपल्या बायकोच्या गळ्याभोवती टॉवेल बांधत होते. चाळीस वर्षं कोळंबीची बोट चालवलेला माणूस, बोटं दोरखंडासारखी, पण गाठ मात्र नाजूक मारायचा.

"तुलाही आला का फोन?" त्यांनी विचारलं. "माझी सून वर्षात एकदा फोन करत नाही. ह्यांनी दोनदा केला."

"तुम्ही तर रोजच येता."

"तेच म्हटलं मी तिला. बाई, मला इथं पगार नाही, पण दांडी मारायचीही सोय नाही."

खिडकीशी करड्या कोटातली एक बाई हातात वही घेऊन उभी होती. तिच्या शेजारी मिस्टर आर्सेनो. ताटं आली. सगळीकडे चमचे हलू लागले. करड्या कोटातली बाई एकेका टेबलाकडे बघून खूण करत होती. बारा वाजायला वीस मिनिटं होती आणि कुणाचंही ताट तसंच पडून नव्हतं. कुणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, किती वेळेवर, किती मायेनं चाललंय सगळं.

एलोडीनं पहिला घास उचलला. तो ननॅनच्या ओठांपर्यंत नेला. मग वहीवरचं पेन हललेलं तिला दिसलं.

तिनं चमचा परत ताटात ठेवला.

ननॅननं तोंड उघडलेलं होतं. तिनं ते मिटलं, एलोडीकडे बघितलं आणि पुन्हा उघडलं. एलोडीनं दोन्ही हात मांडीखाली घेतले. भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा एक घर सरकला, आणखी एक सरकला. ननॅनचा चांगला हात चमच्याच्या दिशेनं आला, अर्ध्यातच टेबलावर पडला. एलोडीनं मान वळवली नाही. निदान एवढं तरी तिनं स्वतःला बघायला लावलं.

सातव्या मिनिटाला करडा कोट टेबलाशी आला.

"काही अडचण आहे का? त्यांना भूक नाही?"

"भूक आहे."

"मग तुम्ही भरवत का नाही?"

"मी भेटायला आलेय," एलोडी म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. "मी पाहुणी आहे."

बाईनं वहीचं पान उलटलं. "ह्यांना भरवायचं काम कुणाकडे आहे?"

"अगं, व्हर्लीन," मिस्टर आर्सेनो लगबगीनं पुढे आले, "मिस ओडीलकडे बघ जरा. केव्हाच्या ताटकळल्यात त्या." आवाजात जराशी नाराजी होती, एखादी बाई कामात हलगर्जीपणा करते तेव्हा असावी तेवढीच.

व्हर्लीन पलीकडच्या टेबलाशी मिस हेझलला भरवत होती. मिस हेझलला कुणीच नव्हतं. व्हर्लीन उठली. करड्या कोटानं तिच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बघितलं आणि लिहायला सुरुवात केली.

"तिचा दोष नाहीये," एलोडी म्हणाली. "ऐका, तिच्याकडे चौदा—"

"मी जे दिसतं तेच लिहिते, मॅडम."

व्हर्लीननं एलोडीच्या बाजूची खुर्ची ओढली, चमच्यावर घास घेतला, कडा ताटाला पुसून घेतल्या आणि ननॅनच्या ओठांना लावला. ननॅननं गिळलं. व्हर्लीननं गळ्याकडे बघितलं, दुसरा घास घेतला. तिकडे मिस हेझल अर्धवट उघड्या तोंडानं रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

"मला वाटलं, ते होमचं लिहितील," एलोडी कुजबुजली. "तुझं नाही."

"होमला नाव असतं, बिल्ला नसतो." व्हर्लीननं मान वर केली नाही. "आणि असलं काही करायचं तर मला आधी सांगायचं, बये. मी सकाळी पोटभर खाऊन आले असते. आता नोकरीही जायची आणि जेवणही."

ती हसली की काय, हे एलोडीला कळलं नाही. तिला फक्त एवढं वाटत होतं की उठावं, चमचा मागून घ्यावा आणि हे सगळं पुसून टाकावं. तसं केलं की सगळं पुन्हा व्यवस्थित दिसलं असतं. तिच्या तळव्यांना खुर्चीचं लाकूड रुतत होतं.

समोरच्या टेबलावर मिस्टर क्लेव्हचा चमचा हवेत थांबला होता. त्यांनी बायकोकडे बघितलं, व्हर्लीनकडे बघितलं, मग करड्या कोटाकडे. बायकोचा गाल त्यांनी टॉवेलच्या टोकानं सावकाश टिपला, तिच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाले आणि चमचा ताटाच्या काठावर ठेवला.

"मॅडम," ते म्हणाले, "पाहुण्यांचंच चाललंय, तर मीही पाहुणाच आहे. सहा वर्षं झाली."

मिस्टर आर्सेनोंनी हात पुढे केला. "मिस्टर क्लेव्ह, आता प्लीज—"

"मी काय केलं? बसलोय."

खिडकीजवळची एक मुलगी आईला भरवायची थांबली. तिच्या शेजारच्या जावयाला काय करावं ते सुचेना. त्यानं चमचा खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. चमच्यांचा आवाज एकेक करत कमी झाला. एक म्हातारा टेबलावर बोटांनी टकटक करू लागला. मिस हेझल हळू, बारीक आवाजात कुणाला तरी हाक मारत होती.

दारात स्वागतकक्षातली मुलगी येऊन थबकली. मिस्टर आर्सेनोंनी तिला खुणेनं बोलावलं. तिनं दोन्ही तळवे दाखवले, मला हे शिकवलेलं नाही अशा अर्थानं.

व्हर्लीन ननॅनच्या खुर्चीपाशी उठून उभी राहिली. हातात एक चमचा. ती एकदा डावीकडे वळली, एकदा उजवीकडे, आणि कुठंच गेली नाही.

करड्या कोटातल्या बाईनं पेन वर धरलं होतं. तिनंही आता सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली, हळूहळू, पुन्हा पहिल्या टेबलापासून.

"आता आधी कुणाला?" तिनं व्हर्लीनला विचारलं.

"ते रोज मीच ठरवते, मॅडम," व्हर्लीन म्हणाली. तिनं चमच्याचा दांडा त्या बाईपुढे धरला. "आज तुम्ही सांगा."