सोनपायाचा घोटा

"थांब! पाय उचलू नकोस!" फौजी ओरडला आणि हातातला पाण्याचा पाइप टाकून धावत सुटला.

धावत म्हणजे काय, डावा पाय गुडघ्याखाली नकली. एक पाय धावत होता आणि दुसरा मागून फरफटत येत होता. सराव आटोपून मैदानाच्या कडेनं चाललेला फुटबॉल संघाचा कप्तान सोनपाय दचकून वळला, तोवर फौजीनं त्याला दोन्ही हातांनी धरून मागं लोटलं. दोघेही आडवे झाले. फौजीला काही झालं नाही. सोनपायाचा उजवा घोटा मुरगळला.

आता तिथं होतं काय? नुसती माती. आदल्या दिवशी नळ बदलायला चर खणला होता, तो बुजवून वर माती थोपटली होती. आणि थोपटणारा दुसरातिसरा कुणी नाही, खुद्द फौजीच. पण मैदानावर माळीकाम करायच्या आधी तो लष्करात सुरुंग काढणाऱ्या तुकडीत होता. तिथं ताजी उकरलेली माती दिसली की डोक्याला विचारत बसायचं नसतं, आधी ओरडायचं असतं. त्याच्या ओरडण्यानं कितीतरी पोरं धडधाकट घरी गेली होती. त्याच्या स्वतःच्या वेळी मात्र मागून ओरडायला कुणी नव्हतं.

एवढंच घडलं. पण घोटा कुणाचा! गेल्या वर्षी अंतिम सामन्यात शेवटचा गोल ज्या पायानं झाला, त्या पायाचा. त्या एका गोलाबद्दल सरकारनं सोनपायाला बंगला दिला, रोख बक्षीस दिलं, वर जमीन दिली. बूट कंपनीनं काय दिलं ते तिचं तिला ठाऊक. त्याच्या दोन्ही पायांचा विमा होता. संध्याकाळपर्यंत फाटकाबाहेर कॅमेऱ्यांच्या गाड्या लागल्या, टीव्हीवर डॉक्टर लोक घोट्याची चित्रं काढून समजावू लागले आणि शेंबड्या पोरांनासुद्धा त्यातल्या हाडांची नावं पाठ झाली. फौजीचा पायच गेला होता तेव्हा पेपरात दोन ओळी आल्या होत्या, त्याही हवामानाच्या खाली. एक पदक मिळालं, आणि तुटपुंजं पेन्शन. त्यासाठी दर वर्षी कचेरीत जाऊन पाय अजूनही नाहीच, हे दाखवावं लागे. कारकून टेबलावरून वाकून नीट बघायचा, जसा काही मधल्या काळात उगवला असेल. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते काय उगाच?

फौजीला पेन्शनचं फारसं वाटत नसे. त्याचा जीव होता तो खोलीत. प्रेक्षकांच्या पायऱ्यांमागं मैदानाची एक खोली होती, ती माळ्याच्या नोकरीबरोबर मिळालेली. खोली कसली, खुराडंच. पण जमिनीलगतचं. तिथं यायच्या आधी दोघं नवराबायको मेहुण्याकडं चौथ्या मजल्यावर राहत. रोजच्या चढउतारानं नकली पायाच्या आत उरलेला पाय सोलवटून रक्त यायचं आणि बायको रात्री पाणी गरम करून ते पुसायची. पुन्हा तो जिना नको, एवढंच त्याचं मागणं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याही डोक्यावर साहेब होतेच. खुर्ची पुढं सरकवून तो म्हणाला, की वरून तुम्हाला काढायला सांगितलंय. मी कसंबसं थोपवलंय. दवाखान्यात जाऊन कॅमेऱ्यासमोर माफी मागा, म्हणजे मला पुढं बोलता येईल.

बायकोला हे कळलं तेव्हा ती कँटीनची भांडी घासत होती. ती म्हणाली, माफी मागायला काय पैसे पडतात, मागून टाका. मग हातातलं पातेलं आपटून म्हणाली, की घोटा मुरगळला तर सगळं जग गोळा झालं, आणि तुम्ही तीन महिने इस्पितळात पडला होतात तेव्हा माझ्याशिवाय काळं कुत्रं फिरकलं नव्हतं.

फौजी इस्त्रीचा शर्ट घालून गेला. सोनपायाची खोली फुलांनी भरली होती. पोरगं तसं भलं. फौजीनं हात जोडताच तेच ओशाळलं आणि म्हणालं, अहो काका, राहू द्या, बरं होईल आठवड्यात. कॅमेरेवाल्यांना ते पुरेना. त्यांनी फौजीला पुन्हा एकदा हात जोडायला लावले, या वेळी जरा उजेडाकडं तोंड करून. तेवढ्यात सोनपायाचं लक्ष त्याच्या चालीकडं गेलं. पायाला काय झालं म्हणून त्यानं विचारलं. फौजीनं सांगितलं.

"मग सरकारनं काय दिलं तुम्हाला?" त्यानं अगदी सरळ मनानं विचारलं.

मॅनेजर खाकरला. फौजीनं क्षणभर विचार केला.

"पाय दिला, साहेब. जरा जड आहे, पण चालतो."

सगळे हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गमत्या आहे. फौजीनं गंमत केली नव्हती. सोनपाय तेवढा हसला नाही, पण त्याला गोळी द्यायला नर्स आली आणि तिनं सगळ्यांना बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, ‘कप्तानाचं मोठं मन’. फोटोत फौजीचा एक खांदा आला होता.

फौजीची खोली राहिली. फक्त विमा कंपनीनं एक अट घातली. खेळाडूंचा सराव चालू असेल तोवर हा माणूस मैदानावर दिसता कामा नये. मॅनेजरनं मान खाली घालून सांगितलं, की नुसत्या शब्दावर कंपनी ऐकत नाही. तेवढा वेळ खोलीला बाहेरून कुलूप लावायचं. मैदानाचं काम सराव उठल्यावर करायचं, पगार अर्धा.

बायको ताडकन उठली. "कुत्र्याला बांधतात तसं? ज्यानं त्यांच्यासाठी पाय दिला त्याला? चला, आत्ताच्या आत्ता जाऊ दादाकडं."

"अगं, इथं जिना नाही," फौजी म्हणाला.

ती खाली बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडली. इतक्या वर्षांत त्यानं तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. तो तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला.

दहाएक दिवसांनी सोनपाय पुन्हा सरावाला आला. बायको तेव्हा कँटीनमध्ये त्या पोरांसाठी अंडी उकडत होती. फाटकावरचा वॉचमन कुलूप घेऊन खोलीपाशी आला. हा वॉचमन आल्या दिवसापासून फौजीला रोज सकाळी सलाम ठोकायचा. आज त्याचा हात वर होईना आणि तो कुलूपही लावायला धजेना. नुसता उभा राहिला.

फौजीनं त्याच्याकडं पाहिलं. मग स्वतःच आत गेला आणि दार ओढून घेतलं.

"लाव," तो आतून म्हणाला.

कडी वाजली. कुलूप बसलं. वॉचमनच्या चपला मात्र जागच्या हलल्या नाहीत. फौजीनं आतून दार धरून दोनदा जोरात ओढून पाहिलं.

"पक्कं बसलंय," तो म्हणाला. "जा तू."