हात न लावलेली

धाकट्या जावेचं नाव निघालं की थोरलीच्या पोटात दुखायचं, आणि त्या घरात दिवसभर धाकटीचंच नाव निघायचं. सासूबाईंना गोळी हवी, धाकटी. मशीनचा पट्टा निसटला, धाकटी. तळमजल्यावर घरचंच शिवणकाम होतं. थोरली कापड असं बेतायची की चिंधीसुद्धा वाया जाऊ नये, पण गिऱ्हाईक येऊन विचारणार, "त्या हसऱ्या बाई कुठं गेल्या?" हेही तिनं गिळलं असतं. पण पोटची पोर, सहा वर्षांची पिटुकली, झोपायला काकूच्याच कुशीत जायची. ते मात्र काही केल्या घशाखाली उतरत नव्हतं.

वरच्या खोलीतला भाडेकरू ट्रकचालक तापानं फणफणला, तेव्हा त्याची ओकारी पुसायला कोण गेलं असेल हे सांगायला नकोच. "हिला जगाची उस्तवार करायची हौस. लोकांनी वाहवा केल्याशिवाय जेवण पचत नाही हिला," थोरली नवऱ्यापाशी पुटपुटली. चालक दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही. शेवटी त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं म्हणे. पुढच्या आठवड्यात धाकटीनंच अंथरूण धरलं. तिचा नवरा दूर जहाजावर नोकरीला, म्हणून बाकी सगळं घर तिच्याभोवती गोळा झालं. थोरली तेवढी कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. मग एका सकाळी नखशिखांत झाकलेली माणसं आली आणि धाकटीला घेऊन गेली.

त्यांच्या पाठोपाठ आरोग्यसेविका आली आणि दाराबाहेरच स्टूल मांडून बसली.

"हा ताप वाऱ्यावर उडत येत नाही," ती म्हणाली. "आजाऱ्याचं रक्त, ओकारी, जुलाब, घाम यांतून येतो. माणूस गेल्यावर अंगाला हात लावला तरी येतो. धाकट्या बाईंना ताप चढल्यापासून कुणीकुणी जवळ घेतलं, तेवढं खरं सांगा. लाजू नका. हा माया करणाऱ्यालाच आधी गाठतो."

सासूबाईंनी धाकटीची घामानं भिजलेली पाठ पुसली होती. थोरलीच्या नवऱ्यानं उचलून मोरीपर्यंत नेलं होतं. पिटुकली तर रात्रभर गळ्यात पडून होती. थोरली ऐकत होती आणि तशा वेळीही तिला मिरच्या झोंबत होत्या. मागे मी आजारी पडले होते, तेव्हा कोण आलं होतं माझी पाठ पुसायला?

"तिघांना निगराणीत राहावं लागेल," सेविका म्हणाली. "शाळेच्या इमारतीत सोय केलीय. मुलीला कसं वाटतंय ते आजी शेजारच्या खोलीतून बघतील."

"आजी कशाला? आई जिवंत आहे तिची. मी जाते."

"तुम्ही पेशंटला हात लावला होता?"

"लावला की. कपाळावर ओल्या पट्ट्या मीच ठेवल्या."

"खोटं!" पिटुकली आतून ओरडली. "पट्ट्या मी ठेवल्या. आई दारातच होती. आई काकूशी बोलतसुद्धा नाही."

नवऱ्यानं मान खाली घातली. सेविकेनं आवाज न चढवता सांगितलं, "बाई, तुम्ही धडधाकट आहात ही चांगली गोष्ट आहे. सगळेच आत गेले तर बाहेरची धावपळ कोण करणार?"

थोरलीला ते मुस्काटात मारल्यासारखं लागलं. घरातल्या सगळ्यांना धरू शकेल असा ताप आला होता, आणि आपण त्याच्याही खिजगणतीत नव्हतो, असं तिला वाटलं.

रोज ती डबा आणि धुतलेले कपडे घेऊन शाळेपाशी जायची आणि भोवती बांधलेल्या दोरीबाहेर उभी राहायची. खिडकीतून पिटुकलीचा पहिला प्रश्न ठरलेला, "काकू कशी आहे?" थोरली म्हणायची, "बरी आहे." आई कशी आहे हे पोरीनं एकदाही विचारलं नाही.

दुसरा आठवडा सरता सरता पिटुकलीला ताप आला. तिला दवाखान्यातल्या तापाच्या वॉर्डात हलवलं. थोरली कुंपणाला धरून उभी होती, तिथं डॉक्टर आले.

"मुखवटेवाली माणसं बघून मुलगी किंचाळते. पाण्याचा घोट घेत नाही. अंगातलं पाणी असंच जात राहिलं तर हातची जाईल."

"मला आत सोडा. मेले तर मेले."

"मेलात तर बरी झाल्यावर ती जाईल कुणाकडे? नाही सोडता येणार. यातून उठलेल्या माणसाला हा ताप सहसा पुन्हा धरत नाही. तुमच्या जाऊबाईंचं रक्त आता स्वच्छ आलंय. आज त्या घरी निघाल्यात. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला विचारावं म्हटलं."

थोरलीला वाटलं, देवानं मुद्दाम शोधून काढलीय ही शिक्षा. ज्या कुशीतून पोरीला ओढून आणायला ती इतकी वर्षं धडपडली, त्याच कुशीत तिला आपल्या तोंडानं पाठवायचं होतं.

फाटक उघडलं आणि धाकटी बाहेर आली. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. दोन पावलं टाकून ती भिंतीला टेकली आणि हसली. "ताई, तुम्ही आलात न्यायला?"

थोरलीनं तिचा हात धरला. हाडकुळा आणि गार होता.

"न्यायला नाही गं," ती म्हणाली. "परत आत जा. पिटुकलीला ताप आलाय. मला सोडत नाहीत. ती माझ्या हातून पिणारही नाही बहुतेक. तुझ्या हातून पिईल. तू धर तिला."

धाकटीनं काही विचारलं नाही. भिंतीचा आधार घेत ती वळली आणि आल्या वाटेनं चालू लागली.

थोरली धावत वॉर्डाच्या खिडकीशी गेली. काचेपलीकडे पिटुकलीनं काकूच्या गळ्यात हात टाकले, मान तिच्या खांद्यावर टेकवली आणि पेल्याला तोंड लावलं. थोरलीचा जीव जळून गेला. अगदी त्या क्षणीसुद्धा जळला, खोटं कशाला बोला. तिनं दोन्ही मुठींनी काच बडवली आणि ओरडली, "थांबू नकोस गं! अजून पाज तिला!"