सात नंबरची वीस मिनिटं

टेबल खोलीच्या चारही भिंतींना लागून फिरतं. दारासमोरचा दोन हात रुंद तुकडा बिजागरीवर उचलता येतो. आत-बाहेर करायची तेवढीच वाट. त्यावरूनही खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ गेले आहेत, म्हणून गाडी चालू असताना ही फळी उचलायची नाही, असा बाबांचा नियम. टेबलाखाली खोकी खच्चून भरलेली. बाबा दाराबाहेर खुर्चीत, हातात वेगाचं बटण. मुलगी आत, मधोमध.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. चार वर्षांपूर्वी हात थरथरू लागले, तेव्हापासून एकोणीस इंजिनांचं तेलपाणी मुलीकडे आलं. इंजिन फोमच्या खाचेत उताणं ठेवायचं, चाकांवरची काजळी स्पिरिटच्या कापसानं पुसायची, आसाला गुंडाळलेले केस चिमट्यानं ओढायचे, सुईच्या टोकानं तेलाचा थेंब सोडायचा. मग दहा मिनिटं पुढे, दहा मिनिटं मागे. पडून राहिलं तर आतलं ग्रीस घट्ट होतं.

साडेचारला सात नंबर रुळावर होतं.

"बाबा, जरा थांबवता? एक फोन करायचाय."

दुसऱ्या शहरातल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती. होकार पाचच्या आत कळवायचा होता. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला होता.

"मध्येच थांबवलं तर परत पहिल्यापासून. होऊ दे याचं."

इंजिन पुढे गेलं, मागे आलं. वीस मिनिटं झाली आणि ते पुन्हा पुढे निघालं.

"बाबा, झालं की याचं!"

"घरघरतंय. ऐक."

घरघरत नव्हतं. तेल तिनंच घातलं होतं.

"तुम्हाला नोकरीचं कुणी सांगितलं?"

"घरात तुझी वहिनी असताना वर्तमानपत्र कशाला लागतं, छकुले?"

छकुली एकोणचाळीस वर्षांची होती.

तेवढ्यात वहिनीच वाजता मोबाइल घेऊन आली. "वन्सं, इस्पितळातून आहे! बाबा, थांबवा हो ते. माणसांना चहा वेळेवर मिळत नाही, इंजिनांचं मात्र सगळं घड्याळावर!" बाबांनी बटण सोडलं नाही. तिनं त्यांच्या खांद्यावरून वाकून, टेबलावरच्या रुळांकडेच्या पुठ्ठ्याच्या डोंगरापलीकडे मोबाइल दिला.

"मॅडम, पाचला यादी वर जाते," कारकून म्हणाला. "हो की नाही, एवढंच सांगा."

बाबा इंजिनाकडेच बघत होते. "जा तू. मी करीन यांचं," ते म्हणाले आणि मोकळा हात पुढे धरला. बोटं थरथरत होती.

गेल्या वर्षी ती तापानं पडली असताना त्यांनी एकट्यानं तेल घालायला घेतलं होतं. बाटलीच उपडी झाली. रुळांवर तेल, चाकं जागच्या जागी फिरायची. दोन दिवस ते कुणाशी बोलले नव्हते.

"महिनाभराची मुदत मिळेल?"

"नाही हो."

"मग नाही जमणार."

"वन्सं!" वहिनी म्हणाली.

बाबांनी बटण शून्यावर आणलं. "उचल ती फळी. चहा पिऊन ये."

पाचला सात मिनिटं कमी होती. मुलीनं सात नंबर रुळावरून उचललं; ते कोमट लागलं.

"आधी आठ नंबर उरकते."

वहिनी कपाळावर हात मारून निघून गेली.

"आठ नंबर म्हणजे कोळशाचं की डिझेलचं?" बाबांनी हळूच विचारलं. त्यांना ते पाठ होतं.

"डिझेलचं," ती म्हणाली, आणि कापूस स्पिरिटमध्ये बुडवला.