मोगऱ्यासारखी तब्येत

इजिप्तमधल्या तांता शहरातल्या हलव्याच्या कारखान्यात शहाता बावीस वर्षं कढईवर होता. तिळाचा लगदा आणि उकळता पाक एकत्र घोटायचा म्हणजे माणूस दणकट लागतो. शहाता दणकट होताच. निदान तो स्वतः तसं सांगायचा. "कसा आहेस रे?" असं कुणीही विचारलं की अल्लाहचे आभार मानणारं उत्तर ठरलेलं, "अल्हम्दुलिल्लाह, मोगऱ्यासारखा." ताप असो, दाढ ठणकत असो, मोगरा काही कोमेजायचा नाही. त्याच्या एकट्याचं काय घेऊन बसलात, सगळं शहर हेच बोलतं. दुखणं बोलून दाखवलं तर ती देणाऱ्या अल्लाहविरुद्धची तक्रार होते, आणि तेवढी हिंमत कुणात आहे?

त्या हिवाळ्यात तीन आठवडे अंगात ताप घेऊन तो मोगऱ्यासारखाच होता. चौथ्या आठवड्यात मोगरा कढईशेजारी आडवा झाला. दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया, वर छातीत पाणी. बायकोला, म्हणजे नागातला, ही बातमी कारखान्याच्या मुकादमाकडून कळली. रोज एकाच पांघरुणात झोपणाऱ्या नवऱ्याने तिला काही सांगितलं नव्हतं. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून तिने पहिल्यांदा तोंड उघडलं ते असं, "रगबच्या बापा, शेजारणीला कळायच्या आधी मला कळावं एवढी तरी माझी लायकी आहे ना?"

त्यावर तो काय म्हणाला असेल? अल्हम्दुलिल्लाह म्हणाला.

दोन महिने घरी बसून आजारपणाचा भत्ता मिळाला. मग विमा कचेरीचं बोलावणं आलं: डॉक्टरांच्या समितीपुढे हजर व्हा, भत्ता पुढे चालू ठेवायचा की नाही ते ठरवू. समिती चौथ्या मजल्यावर. लिफ्ट कधी काळी होती म्हणतात. दम लागतो हे सिद्ध करायला चार मजले चढून जायचं, आणि जो वर पोचला तो धडधाकट, अशी मोठी शास्त्रशुद्ध सोय होती. शहाता तीन वेळा टेकत, घाम पुसत वर पोचला.

खोलीत एक तरुण डॉक्टर बसला होता. त्याचा स्टेथोस्कोप टेबलावर कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवलेला, पंख्याने कागद उडू नयेत म्हणून. त्याने मान वर न करता विचारलं, "काय हो, कसे आहात?"

आता इतका चांगला शिकलेला माणूस आपुलकीने विचारतोय म्हटल्यावर तोंडून दुसरं काय निघणार?

"अल्हम्दुलिल्लाह, डॉक्टरसाहेब. मोगऱ्यासारखा."

डॉक्टरने ते लिहून घेतलं. आठवड्याभराने घरी पत्र आलं: रुग्णाने स्वतःच तब्येत उत्तम असल्याचं सांगितलं आहे, सबब भत्ता बंद, कामावर रुजू व्हावं.

नागातने पत्र दोनदा वाचलं आणि कपाळावर हात मारला. "सगळ्या इजिप्तमध्ये खरं तेवढं लपवायचं तुला याच एका माणसाजवळ सुचलं?"

"अगं, त्यांनी विचारलं कसा आहेस. मग काय रडत बसू त्यांच्यापुढे?"

"हो. रडायचं. तेवढ्याचसाठी बोलावलं होतं तुला."

मग तिने त्याची शिकवणी घेतली. संध्याकाळी सोफ्यावर त्याला समोर बसवायची आणि विचारायची, "कसा आहेस?" त्याने 'अल्ह' म्हटलं की मांडीवर चापट. छातीपासून सुरू कर. मग दम. मग रात्रीचा खोकला. मग पाय. पाचव्या दिवशी शहाता कुठेही न अडखळता सगळी रडकथा म्हणून दाखवू लागला आणि ती म्हणताना त्याचे कान लाल व्हायचे. वरच्या मजल्यावरच्या, हज करून आलेल्या हग्गा इन्शिराह जिन्यात भेटल्या. म्हातारीने सवयीने विचारलं, कसा आहेस बाळा, तर त्यांना खोकल्यापासून पायापर्यंत सगळं ऐकून घ्यावं लागलं. त्या दिवसापासून त्या त्याला पाहिलं की भिंतीकडे तोंड करून जिना चढायच्या.

एवढी तयारी झाल्यावर तो कारखान्यात गेला. भत्ता बंद झालाय तर निदान पगार तरी सुरू व्हावा. फाटकावर सांगितलं, इतक्या मोठ्या दुखण्यातून उठलास, आधी कारखान्याच्या डॉक्टरची सही आण. डॉक्टर लबीब जुना ओळखीचा, मनाने चांगला. त्याने शहाताला बसवलं, चहा मागवला आणि प्रेमाने विचारलं, "कसा आहेस शहाता?"

शिकवणी अंगात इतकी मुरलेली, की शहाताच्या तोंडून छाती, दम, खोकला आणि पाय ओळीने बाहेर पडले. नागात तिथे असती तर तिला अभिमानच वाटला असता.

लबीब हळहळला. "बापरे. तुला कढईजवळ उभं केलं तर तू हलव्यातच पडशील." आणि त्याने लिहिलं: कामास अयोग्य.

झालं. विमा कचेरीच्या लेखी शहाता ठणठणीत, म्हणून भत्ता नाही. कारखान्याच्या लेखी तो आजारी, म्हणून काम नाही. फाटकावरच्या कारकुनाने आणखी एक नियम ऐकवला, "दहा दिवस गैरहजर राहिलास तर नाव कापणार. बावीस वर्षांची नोकरी आहे, सांभाळ."

"मी तर फाटकातच उभा आहे."

"फाटकात उभं राहणं म्हणजे हजेरी नव्हे."

विमा कचेरीत फेरतपासणीचा अर्ज केला तो लबीबचाच कागद जोडून. नवव्या दिवशीची तारीख मिळाली. आज काही झालं नाही तर उद्या नाव जाणार. शहाता पुन्हा चार मजले चढला, या वेळी पाच वेळा टेकत. नागात खाली पहिल्या पायरीवर बसून राहिली. तिला वर येऊ दिलं नाही.

खोलीत या वेळी समितीचे प्रमुख होते, डॉक्टर रिफ्की. गळ्याला पांढरा पट्टा बांधलेला. उजवा पाय घोट्याशी सुजून पावासारखा झालेला, तो स्टुलावर ठेवलेला. मान वळत नव्हती म्हणून ते अख्खे वळून बघत. शेजारी कारकून पेन उघडून बसलेला. स्टेथोस्कोप मागच्यासारखाच कागदांवर.

"बोला," रिफ्की म्हणाले. "कसे आहात?"

शहाताने तोंड उघडलं. मोगरा म्हणावं तर भत्ता गेलेला. छाती म्हणावी तर नोकरी गेलेली. दोन्ही उत्तरं देऊन झाली होती आणि दोन्ही चुकली होती. त्याला एकदम इतकं लाचार वाटलं की डोळे भरून आले. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो एवढंच बोलला, "तुम्ही कसे आहात, डॉक्टरसाहेब?"

"अल्हम्दुलिल्लाह," रिफ्की चटकन म्हणाले. "एकदम मोगऱ्यासारखा."

शहाताने त्यांच्या पायाकडे पाहिलं. गळ्यातल्या पट्ट्याकडे पाहिलं. मग कारकुनाकडे वळून शांतपणे म्हणाला, "लिहून घ्या, साहेब. यांचंही लिहून घ्या."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. रिफ्कींनी शहाताकडे पाहिलं, मग आपल्याच पायाकडे. रागावतील असं वाटलं. ते रागावले नाहीत. त्यांनी हात पुढे करून स्टेथोस्कोप उचलला, आणि पंख्याखालचे सगळे कागद खोलीभर उडाले. कारकून ते गोळा करायला वाकला.

"सदरा वर करा," रिफ्की म्हणाले. "जवळ या, मला उठता येत नाही. श्वास घ्या. अजून."

छातीला ते गार लागलं तेव्हा शहाताच्या ध्यानात आलं, की दवाखान्यातून घरी आल्यापासून त्याला दोघांनी तपासलं होतं, पण छातीला कान लावणारा हा पहिलाच. रिफ्कींनी पाठीकडूनही ऐकलं, बराच वेळ ऐकलं. मग स्वतःच्या हाताने लिहिलं: अजून एक महिना भत्ता, नंतर कढईऐवजी डबे भरण्याचं हलकं काम, कारखान्याने नाव कापू नये. शिक्का मारताना त्यांचा पाय स्टुलावरून घसरला आणि ते कळवळले, पण बोलले काही नाहीत.

शहाता कागद घडी करून खिशात ठेवत खाली उतरला. नागात पायरीवरून उठली. तिने आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कागदाचं विचारलं नाही.

"कसा आहेस?"

तो तिच्या शेजारी पायरीवर बसला. "दमलोय गं," तो म्हणाला. "फार दमलोय. हिवाळ्यापासून दमलोय."

नागात परत खाली बसली आणि तिने त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. हे मात्र कुणी लिहून घेतलं नाही.