खुदुखुदु पुसू नका

मी पाटी बोलतेय. काळ्या दगडाची, लाकडी चौकटीची, एका कोपऱ्यात टवका उडालेली. सांगते ते अक्षर न् अक्षर खरं आहे, अगदी शपथेवर. डोंगरातून मला काढलं तेव्हा असा धडाडधूम आवाज झाला की मी स्वतःच दचकले. पाटीला कान नसतात, असं तुम्ही म्हणणारच. नसतात. तेव्हा धडाडधूम सोडून द्या, बाकीचं खरं.

माझा मुक्काम शिलाई मशिनं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींच्या दुकानात. नुसतं ऐकून मशीनचं दुखणं ओळखणारा माणूस, आणि त्याचेच कान गेले. दुकानाला कुलूपच लागायचं. पण त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, मला घेऊन शेजारी बसल्या. मशीन चालवायचं, काकूंनी डोळे मिटून ऐकायचं आणि माझ्यावर शब्द लिहायचा. करकर असेल तर तेल. खडखड असेल तर सैल स्क्रू. घरघर असेल तर आत सुताचा गुंता. मिस्त्री वाचायचे आणि नेमका तिथेच हात घालायचे.

काम नसलं की मिस्त्री विचारायचे, बाहेर काय चाललंय? काकू लिहायच्या: झाडाची सळसळ, नळाची टपटप, शेजारच्या दोघींची कुजबुज. कुजबुज वाचली की मिस्त्री खिडकीकडे सरकायचे. ऐकू काय येणार, कपाळ! पण सवय.

मग काकू आठ दिवस बहिणीकडे गेल्या. त्यांच्या जागी मुलगा बसला, सात महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन. मुलगा हुशार, पण त्याच्याकडे शब्द एकच. एका शिंपीणबाईंचं मशीन आलं. त्याने लिहिलं, 'आवाज येतोय.' मिस्त्री म्हणाले, "कसला?" त्याने बराच विचार करून लिहिलं, 'मोठा.'

मिस्त्रींनी अंदाजाने पट्टा बदलला. मशीन परत आलं. तेल घातलं. पुन्हा परत आलं. बाईंचं घर त्या मशीनवर चालायचं, त्या रडकुंडीला आल्या. मुलाने आईला फोन लावला. "एवढं मशीन झालं नाही तर दुकान बंद करू, आई. लोकांपुढे बाबांची शोभा नको."

दुसऱ्या दिवशी काकू हजर. हातातली पिशवीही खाली न ठेवता म्हणाल्या, "चालवा." शिंपीणबाईंनी पाय मारला. काकूंनी डोळे मिटले. 'खटखट' लिहिलं, पुसलं. पुन्हा ऐकलं. मग लिहिलं, 'टुकटुक. दर टाक्याला एक. घासात खडा आल्यासारखी.'

मिस्त्री हसले. चिमट्याने खालच्या दोऱ्याच्या डबीमागून मोडक्या सुईचं टोक काढलं, मुंगीएवढं. मशीन चालू झालं. "आता?" त्यांनी विचारलं. काकूंनी मला पुसून नुसती कोरी दाखवली.

तेव्हा मुलगा वडिलांच्या पाया पडला, "बाबा, चुकलो" म्हणाला आणि सगळ्यांचे डोळे भरून आले.

हे शेवटचं माझ्या पदरचं. मुलाच्या मांडीवर लेक हसत होती. आजोबांनी तिचं हसू फक्त पाहिलं होतं. मुलाने पेन्सिल उचलली, तीनदा लिहून खोडलं आणि शेवटी लिहिलं, 'खुदुखुदु'.

मिस्त्री कितीतरी वेळ तेवढंच वाचत होते.

दुकानात आता नवी पाटी आहे. मी भिंतीवर, खिळ्याला. विनंती एकच: साफसफाई करताना ओलं फडकं माझ्यापासून लांब ठेवा.